पान नऊ आणि खरात मॅडमचा माळा

कन्नडच्या कमल खरात या शिक्षिकेवर मी अन्याय केला. कधी? सहा वर्षांपूर्वी, विज्ञान दिनाला, दुपारी साडेतीनच्या सुमारास. कुठं? कन्नडच्या एका समाजमंदिरात, दीडशे माणसांसमोर, माइक माझ्या हातात असताना. म्हणजे साक्षीदार पाहिजेत तर दीडशे आहेत. पण त्यांनी बघितलं ते अर्धंच. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेत नाही, बरोबरीच्या मैत्रिणींना नाही.

पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे. पहिल्या ओळीत आरोपी उभा करायचा, दुसऱ्या ओळीत त्याची गचांडी धरायची. आजही तसंच करते. फक्त आरोपी मी आहे. आणि खरं सांगू? एवढं लिहिलं तेवढ्यानंच छातीवरचं एक पोतं उतरल्यासारखं वाटतंय. पण थांबा — अजून मुद्द्यावर आलेच नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडं आमची पिवळ्या कव्हरची सोळा पानी पुस्तिका असेल. "विश्व कुणी घडवलं?" ती मी लिहिली. तेव्हा तेवीस वर्षांची होते. गावोगाव जायचं, सतरंजीवर बसलेल्या बायाबापड्यांना सांगायचं — हे विश्व कुणा देवानं सहा दिवसांत की सात दिवसांत केलेलं नाही, ते अतिशय दाट आणि तप्त अवस्थेतून पसरत आलं, तारे झाले, सूर्य झाला, ही पृथ्वी झाली. बुवांचा, बाबांचा, गंडेदोऱ्यांचा धंदा कशावर चालतो? आकाशाच्या भीतीवर. शनी मागं लागला, मंगळ आडवा आला. म्हणून मी म्हणायचे, आकाश समजावून सांगा, धंदा आपोआप बसतो. अजूनही म्हणते. त्यात काही चूक नव्हती.

चूक पान नऊवर होती.

पान नऊवर मी लिहिलं होतं की फार पूर्वी एक भटका तारा सूर्याच्या अगदी जवळून गेला. त्याच्या ओढीनं सूर्यातून चिरुटाच्या आकाराची, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी वाफेची लांब जीभ बाहेर आली. तिचे तुकडे झाले, तेच ग्रह. वाचायला कसलं भारी! मधे गुरू-शनी मोठे, टोकाला बुध बारका — सगळं जागच्या जागी. हे मी कुठून घेतलं? स्पर्धा परीक्षेच्या भूगोलाच्या नोट्समधून. शहरात औरंगपुऱ्यात झेरॉक्स मिळतात, त्या. तिथं सूर्यमालेच्या उत्पत्तीचे सिद्धांत एकाखाली एक दिलेले असतात, आपण परीक्षेपुरते पाठ करतो. मला हा सगळ्यात रंगतदार वाटला. त्याच्याच खाली "आक्षेप" म्हणून मथळा होता. तो मी वाचला नाही. का वाचला नाही? मला कुठं परीक्षा द्यायची होती? मला टाळ्या पाहिजे होत्या.

आम्ही गावोगाव विचारत फिरतो, अंधश्रद्धा म्हणजे काय? पुरावा न तपासता धरलेला विश्वास. मग माझं पान नऊ काय होतं? सांगा ना.

तर तो दिवस. कार्यक्रमाआधी चहा झाला. खरात मॅडमनीच आणून दिला, स्टीलच्या पेल्यात, फार गोड. त्या चहाकडं मी नंतर परत येणार आहे — तो विसरू नका.

मॅडम तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, आणि दर रविवारी संध्याकाळी विहाराच्या अंगणात वस्तीतल्या पोरांना जमवून तारे ओळखायला शिकवायच्या. हा वर्ग आमच्या संघटनेच्याच नावानं चालायचा, पण त्यात संघटनेचं नावापलीकडं काही नव्हतं. सगळं त्यांचंच.

मी भाषणाला उभी राहिले. भटका तारा आला, ओढ लागली, जीभ बाहेर निघाली — टाळ्या. आणि तिसऱ्या रांगेत मॅडमनी हात वर केला. शाळेतली पोरगी करते तसा, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून.

"ताई, एक सांगू का? राग नका मानू. ती भटक्या ताऱ्याची गोष्ट आता कुणी धरत नाय. सूर्यातून निघालेली एवढी तापलेली वाफ गोळा व्हायची नाय, ती उधळून जाईल. आणि दुसरं, सूर्य स्वतःभोवती लई सावकाश फिरतो, सगळं फिरणं ग्रहांच्या वाट्याला गेलंय. तो मेळ त्या गोष्टीत बसत नाय."

"मग कसे झाले ग्रह?" मी विचारलं. आवाजात साखर घालून.

त्यांनी लोकांकडं तोंड केलं. "उरुसात रुमाली रोटीवाला बघितला का नाय तुम्ही? गोळा हवेत गरागरा फिरवतो. फिरता फिरता गोळ्याचं काय होतं? पसरून चपटा होतो. तसाच एक मोठा ढग होता, वायूचा न् धुळीचा. आपल्याच वजनानं आत आत दबत गेला, फिरत गेला, चपटा झाला. मधी सगळ्यात जास्त माल जमला, तो सूर्य. कडंच्या तबकडीत जे कण एकमेकांना चिकटत गेले, ते ग्रह. आपण बी त्यातलेच."

मागं बसलेल्या बायांमध्ये एकदम कुजबुज झाली — समजल्याची. ती वेगळीच असते, भाषणं करणाऱ्याला लगेच कळते. माझ्या अर्ध्या तासात ती एकदाही झाली नव्हती. मला टाळ्या मिळाल्या होत्या. कुजबुज त्यांना मिळाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "पोरी, ते समदं ठीक हाय. पण त्या पहिल्या स्फोटाच्या आधी काय व्हतं गं?"

मी म्हणाले, "काहीच नव्हतं आजोबा. शून्य! विज्ञानानं सिद्ध केलंय."

आणि मॅडम, अजून उभ्याच होत्या, हळू म्हणाल्या, "सिद्ध नाय केलेलं, ताई. तो आपल्या बाँबसारखा स्फोट बी नव्हता, जागाच पसरत गेली. त्याच्या आधी काय होतं, का आधी असं काही होतंच नाय, ते अजून माहीत नाय. माहीत नाय तर माहीत नाय म्हणावं. त्यात काय लाज?"

इथं मला फट दिसली. पान नऊवर माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण इथं होतं — उत्तर नाही, हत्यार. मी माइक तोंडाशी घेतला आणि म्हणाले, "बघा मंडळी, 'माहीत नाही' म्हटलं की त्याच फटीतून देव आत शिरतो! मॅडम, खरं सांगा — माळ्यावर ठेवलेत का देव अजून?"

दीडशे माणसं हसली.

बाहेरच्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल. सांगते. आमच्या वस्त्यांमध्ये, बाबासाहेबांच्या मागं जाऊन ज्यांनी धर्म बदलला त्या घरांत, याहून जिव्हारी लागणारा टोमणा नाही. माझ्या पणजोबांनी घरातले देव टोपलीत भरून शिवना नदीच्या पाण्यात सोडले होते, आणि रडले नव्हते, हे आमच्या घरात अजून सांगतात. अशा माणसांत कुणाला "माळ्यावर देव ठेवलेत" म्हणणं म्हणजे काय? वरून एक, आतून एक. बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडलेला. खोटं माणूस.

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. खाली बसल्या. पदर नीट केला. बस्स.

परतीच्या एसटीत मी मोबाइल काढला. वेरूळ येईपर्यंत मला कळलं होतं की भटक्या ताऱ्याचा सिद्धांत शास्त्रज्ञांनी केव्हाच बाजूला ठेवलाय. दौलताबाद येईपर्यंत हेही कळलं होतं की मॅडमनी दिलेली दोन्ही कारणं बरोबर आहेत. म्हणजे गाडी शहरात शिरली तेव्हा मी अज्ञानी नव्हते. पुढं जे केलं ते जाणून केलं.

पुढं काय केलं? आमच्या मासिक पत्रकात वृत्तान्त लिहिला. मथळा — "विज्ञानाच्या मंचावर देवाची वकिली". नाव लिहिलं नाही. "कन्नडच्या एक शिक्षिका" एवढंच. कन्नडमध्ये विज्ञानावर बोलणाऱ्या शिक्षिका किती? पत्रक फोनवरून फिरलं. आणि मग वस्तीतल्या एक बाई पाणी प्यायच्या निमित्तानं मॅडमच्या घरी गेल्या, पाणी पिताना मान जरा जास्तच वर केली, आणि बाहेर येऊन सांगितलं, "हाय बाई. माळ्यावर हाय कायतरी. चांगलं कमरेएवढं, लाल फडक्यात गुंडाळलेलं."

झालं. माझ्या टोमण्याला पुरावा मिळाला.

लोकांनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, दुर्बीण आहे, मी करतेय, अजून पुरी झाली नाही. "मग उतरवून दाखवा." तिथं त्या अडल्या. म्हणाल्या, "माझ्या घराची झडती कशापायी? मी काय चोरी केली?" दाखवली नाही. आणि नाही दाखवली म्हणजे — तुम्हाला माहीतच आहे लोक काय म्हणतात.

इथवर कबूल करणं सोपं होतं. उर्मटपणा, टाळ्यांची भूक, खोचक मथळा — हे दोष आमच्या चळवळीत माफ असतात. थोडे मिरवतातसुद्धा. याच्यासाठी कुणी सहा वर्षं गप्प बसत नाही.

आता चहा.

त्या दुपारी, कार्यक्रमाच्या तासभर आधी, समाजमंदिराच्या मागच्या पायरीवर मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. पेला माझ्या हातात दिला आणि इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुम्हाला एक गंमत सांगते. अजून कुणालाच नाय सांगितली. पाण्याच्या जाड पाइपची दुर्बीण करायलेय. आरसा पुण्याहून यायचाय, आला की झालं. धूळ बसू नये म्हणून माझ्या आईच्या लाल लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांपुढं एकदम उघडणार. शनीची कडी दाखवणार. शनीला भ्यायचं सोडून बघायला रांग लावतील, बघा तुम्ही!"

लाल लुगडं. माळा. मला माहीत होतं.

माइकवर "माळा" हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून? तासाभरापूर्वी त्यांनीच विश्वासानं माझ्या हातात दिला होता. आणि पुढं ती लाल फडक्याची कुजबुज शहरात पोचली तेव्हा — औरंगपुऱ्यात, छापखान्यात मी पुढच्या महिन्याच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते — आमच्या संघटनेचं काम बघणारे अशोकदादा आले आणि म्हणाले, "काय गं, खरात मॅडमच्या माळ्यावर म्हणे लाल फडक्यात काहीतरी आहे. तू भेटली होतीस ना? तुला काही बोलल्या होत्या का?"

अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होतं ज्याच्या एका वाक्यानं हे थांबलं असतं. झडती न घेता, माळा न उतरवता. ते माणूस मी होते. मी प्रुफावरची मान वर न करता म्हणाले,

"मला काय माहीत, दादा."

हे ते उरलेलं अर्धं.

दादा म्हणाले, "मग काही दिवस त्यांना पोरांच्या वर्गापासून बाजूला ठेवू. उगं चर्चा नको." काही दिवस कधी संपले नाहीत. वर्ग दुसऱ्या एकाकडं दिला, दोन रविवार चालला, बंद पडला. ज्या बाईला माहीत नव्हतं ती दीडशे लोकांत उभी राहून "माहीत नाय" म्हणाली. मला माहीत होतं आणि मी तेच शब्द वापरले. एवढाच आमच्यातला फरक. केवढा आहे बघा.

अजून एक राहिलं, तेही टाकते. वर्षभरानं पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. पान नऊ मी गुपचूप बदललं. भटका तारा गेला, तेजोमेघ आला — वायू आणि धुळीचा फिरता ढग. आणि समजावायला उदाहरण कुठलं? रुमाली रोटी. जसंच्या तसं, उरुसासकट. नाव नाही. लोकांना इतकं आवडलं की वैजापूरच्या एका कॉलेजात मला "रुमाली रोटीवाल्या ताई" म्हणून हाक मारली. मी ओ दिली. पाच वर्षं ओ देतेय.

गंमत बघा. त्या तेजोमेघाच्या कल्पनेचंही असंच झालंय. आधी मांडली गेली, मग त्रुटी निघाल्या म्हणून टाकली गेली, भटका तारा तिच्या जागेवर बसला, तोही टिकला नाही, आणि ढगच दुरुस्त होऊन परत आला. विश्व कायम असंच होतं, त्याला सुरुवातच नाही, असं म्हणणारे भलेभले शास्त्रज्ञ होते. पुरावा आला, मत पडलं. कुणाचं नाक कापलं नाही. आकाशाबद्दल चुकता येतं, कबूल करता येतं, पुढं जाता येतं — हेच तर मी गावोगाव ओरडून सांगत होते. स्वतः मात्र एका पानाच्या चुकीसाठी एका बाईचं नाव घाण केलं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या आवृत्तीचं प्रूफ हातात आलं. पान नऊ उघडलं आणि सही करवेना. दुसऱ्या दिवशी सकाळची कन्नडची एसटी धरली.

मॅडमनी दार उघडलं. ओळखलं. "या," म्हणाल्या. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं — चहा, लुगडं, छापखाना, "मला काय माहीत". एका दमात. मला वाटलं रागावतील, नाहीतर रडतील, नाहीतर माफ करतील. पत्रकवाल्यांना तीनच शेवट सुचतात.

त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगती गं? माझ्या माळ्यावर काय हाय ते मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग की."

मग स्टूल ओढलं, वर चढल्या, आणि माळ्यावरून आवाज आला — "नुसती उभी काय ऱ्हायलीस? खालून धर."

मी धरली. पाइप जड होता. लाल लुगडं विरलेलं. आत आरसा बसवलेला होता — पुण्याहून तो त्याच उन्हाळ्यात आला होता. दुर्बीण सहा वर्षं पुरी होऊन पडली होती.

"शनी दिसतो?" मी विचारलं.

"दिसतो की. कडी बी दिसती. गच्चीवर नेऊन बघती मी अधूनमधून." मग म्हणाल्या, "एकटीच बघती."

तेव्हा चौथी-पाचवीत असलेली ती पोरं आता मोठी झाली. त्यांना शनी दिसला नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या हातात आज शनीच्या भीतीनं नीलमची अंगठी असेल तर ती मीच त्याच्या बोटात घातलीय.

वय लहान होतं, असं मी म्हणणार नाही. चळवळीचं नाव राखायचं होतं, असंही नाही. मॅडमनी मला माफ केलेलं नाही, मी माफी मागितलीही नाही. पण कन्नडहून परत येताना त्याच एसटीत, त्याच वेरूळच्या चढावर, मला सहा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली, आणि शहरात उतरले तेव्हा भूक लागली होती — सपाटून. परवा एका गावात कुणीतरी विचारलं, स्फोटाच्या आधी काय होतं. मी म्हणाले, माहीत नाही. सोपं होतं. इतकं सोपं होतं!

अशोकदादांना सांगून झालंय. तिसऱ्या आवृत्तीत पान नऊवर मॅडमचं नाव छापलंय. पण पहिल्या दोन आवृत्त्या तुमच्या घरांत आहेत, आणि तो टोमणा तुमच्या तोंडांत आहे. माझ्यासाठी तुमच्याकडं काही मागत नाही. मॅडमसाठी मात्र सांगते, आणि विनंती म्हणून नाही.

उठा. पिवळी पुस्तिका शोधा. पान नऊ उघडा. भटका तारा असेल तर त्यावर आडवी रेघ मारा; रुमाली रोटी असेल तर तिच्या शेजारी नाव लिहा — कमल खरात, कन्नड. पेन्सिलनं नाही, पेननं. आणि त्या दीडशेंपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर आजच्या आज फोन लावून सांगा मॅडमच्या माळ्यावर काय होतं.